अ‍ॅटॉमिक फोर काढून विजेची मोटर: २७ फुटी शिडाच्या बोटीसाठी बॅटरी किती असावी?

पश्चिमवारा (बर्कली, कॅलिफोर्निया)

नमस्कार. माझ्याकडे १९७८ साली बांधलेली कॅटालिना २७ ही शिडाची बोट असून ती सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, बर्कली मरिनामध्ये (खासगी बोटी ठेवण्याच्या धक्क्यावर) बांधलेली असते. तिची लांबी २६ फूट १० इंच आणि वजन ६,८५० पौंड, म्हणजे सुमारे ३,१०० किलो आहे. बोटीत मूळचेच, युनिव्हर्सल कंपनीचे अ‍ॅटॉमिक फोर हे चार सिलिंडरचे, ३० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. इतकी वर्षे ते थेट खाऱ्या पाण्यानेच थंड होत आले असल्यामुळे त्याच्या ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा गंजाने अरुंद झाल्या आहेत आणि गेल्या उन्हाळ्यात ते दोन वेळा तापून बंद पडले. दोन्ही वेळा वारा होता म्हणून शिडावर परत येता आले.

इंजिन बदलावे असे वाटण्याचे खरे कारण मात्र पेट्रोल हे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती उडून न जाता बोटीच्या तळात, बिल्जमध्ये साचते. म्हणूनच इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर, म्हणजे तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवावा अशी सूचना अशा पेट्रोल बोटींवर लिहिलेली असते. मी तो नेमाने चालवतो, नंतर तळाशी वाकून वासही घेतो आणि तरीही चावी फिरवताना माझी नऊ वर्षांची मुलगी केबिनमध्ये नाही ना, हे मी प्रत्येक वेळी पाहतो. ही धास्ती मला आता नको आहे.

आमच्या बहुतेक फेऱ्या एंजल बेटावरच्या आयाला कोव्हपर्यंतच्या असतात, म्हणजे एका बाजूने सुमारे सहा सागरी मैल. वर्षातून एक-दोन वेळा आम्ही गोल्डन गेट पुलाच्या बाहेरही जातो. मरिनात माझ्या जागेवर १२० व्होल्ट, ३० अँपिअरची वीज उपलब्ध आहे. या वापरासाठी मोटर किती किलोवॅटची आणि बॅटरी किती किलोवॅट-तासांची घ्यावी? ३० अश्वशक्ती म्हणजे २२ किलोवॅट होतात आणि तेवढी मोटर व तिला पुरेल एवढी बॅटरी माझ्या खिशाला परवडणारी नाही. कमी शक्तीची मोटर बसवली, तर उधाणाच्या ओहोटीत गोल्डन गेटमधून आत येता येईल का, याची मला काळजी वाटते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओहोटीची ओढ (अलामीडा, कॅलिफोर्निया)

मी तीन वर्षांपूर्वी याच खाडीत, जवळपास तुमच्याएवढ्याच २७ फुटी बोटीतून अ‍ॅटॉमिक फोर काढून ४८ व्होल्टची मोटर बसवली. तुम्ही ३० अश्वशक्तीपासून हिशेब सुरू केला आहे. तो आधी बाजूला ठेवावा अशी माझी विनंती आहे, कारण ते इंजिन ३० अश्वशक्ती मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर देते आणि शिडाच्या बोटीत, थेट जोडलेल्या पाण्यातल्या पंख्यासह (प्रोपेलरसह), ते त्या फेऱ्यांपर्यंत कधी पोहोचतच नाही. तुमच्या बोटीची पाण्यालगतची लांबी पावणेबावीस फूट आहे. तेवढ्या लांबीची बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि सुमारे सव्वासहा नॉटच्या (तासाला सव्वासहा सागरी मैलांच्या) पुढे कितीही शक्ती लावली तरी ती फक्त जास्त पाणी ढवळते. त्या वेगाच्या खाली लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग थोडा कमी केला की खर्च फार मोठ्या प्रमाणात उतरतो.

वारा नसलेल्या सकाळी, भरती-ओहोटीची ओढ, म्हणजे पाण्याचा प्रवाह, थांबलेली असताना, दोन्ही दिशांनी जाऊन मी घेतलेल्या नोंदी देतो. तीन नॉटला बॅटरीतून सुमारे ६०० वॅट जातात, चार नॉटला १,४००, पाच नॉटला ३,००० आणि साडेपाच नॉटला ४,५००. माझ्याकडे ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन संच समांतर जोडलेले आहेत, म्हणजे एकूण १०.२४ किलोवॅट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे असा माझा नियम आहे. त्या हिशेबाने शांत पाण्यात तीन नॉटने चाळीस सागरी मैल, चार नॉटने तेवीस, पाच नॉटने साडेतेरा आणि साडेपाच नॉटने जेमतेम दहा मैल जाता येते. तुमची आयाला कोव्हची जाऊन-येऊन फेरी बारा मैलांची आहे. ती सबंध मोटरवर केली तरी चार नॉटने बॅटरी अर्धीही संपणार नाही. शिवाय उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा थेट गोल्डन गेटमधून बर्कलीवर येतो, म्हणजे परतीच्या वाटेवर तो तुमच्या पाठीशीच असतो.

आता ओहोटीचा प्रश्न. बॅटरी किती घ्यायची हे तुमच्या नेहमीच्या रविवारावरून ठरवू नये. वर्षातल्या सर्वांत वाईट तासावरून ठरवावे. गोल्डन गेटमध्ये उधाणाच्या दिवशी ओहोटीची ओढ चार-पाच नॉटपर्यंत जाते. पाच नॉटच्या ओढीविरुद्ध साडेपाच नॉटने चालणारी बोट तासाला अर्धा मैल पुढे सरकते आणि त्यासाठी साडेचार किलोवॅट खाते. हा प्रवास विजेवर करताच येत नाही. मात्र तुमच्या अ‍ॅटॉमिक फोरवरही तो सव्वासहा नॉटच्या मर्यादेमुळे जवळजवळ तेवढाच निष्फळ होता, फरक एवढाच की पेट्रोलच्या टाकीमुळे तुम्ही तो तासन्‌तास करत राहू शकत होता. ओढ तीन नॉट असेल तर मात्र विचार करण्याजोगे गणित आहे. शांत पाण्यात जितके हळू जाल तितके दूर जाल. ओढीविरुद्ध हे खरे नाही, कारण फार हळू गेल्यास सगळी वीज जागच्या जागी राहण्यातच संपते. घनाच्या नियमाने हिशेब केला तर ओढीच्या दीडपट वेग ठेवल्यास उपलब्ध विजेवर सर्वाधिक अंतर कापले जाते. तीन नॉटच्या ओढीत पाण्यातून साडेचार नॉटने चालावे. माझ्या बॅटरीवर त्याने जमिनीच्या हिशेबात सुमारे सहा मैल निघतात. गोल्डन गेटची अरुंद जागा पार करून मोकळ्या खाडीत यायला ते पुरतात, पण बर्कलीपर्यंत पोहोचायला पुरत नाहीत. म्हणून बाहेर जाण्याच्या दिवशी मी ओढीचे वेळापत्रक आधी पाहतो, भरती लागल्यावरच आत येतो आणि चुकलोच तर किनाऱ्याजवळच्या उलट्या ओढीचा आधार घेतो किंवा भरती लागेपर्यंत शिडावर बाहेरच थांबतो.

पेट्रोलशी तुलना स्पष्टच करायला हवी. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ किलोवॅट-तास ऊर्जा असते, पण असे जुने इंजिन कमी भारावर त्यातला सहावा-सातवा हिस्साच पंखा फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, शाफ्टपर्यंत, पोहोचवते. मोटर बॅटरीतल्या विजेचा बराच मोठा भाग पोहोचवते. एवढा फरक धरूनही माझी सगळी वापरण्याजोगी बॅटरी म्हणजे सुमारे पाच लिटर पेट्रोल. बोटीत कायम पाचच लिटर पेट्रोल असते तर आपण कसे वागलो असतो, याचा विचार करून निर्णय घ्यावा. मी तसा विचार केला आणि माझ्या फेऱ्यांना ते पुरते असे मला आढळले.

तुमच्यासाठी माझी सूचना अशी: सलग पाच किलोवॅट देणारी मोटर, ४८ व्होल्ट, आणि किमान दहा किलोवॅट-तास बॅटरी. ४८ व्होल्टला पाच किलोवॅट म्हणजे सुमारे १०० अँपिअर होतात आणि ते सांभाळण्याजोगे आहेत. व्होल्टेज ६० च्या वर नेले तर सुरक्षेचे नियम बरेच कडक होतात.

बोट शिडावर चालताना पंखा पाण्याने फिरून बॅटरी भरेल, या आशेवर बॅटरी लहान घेऊ नये. आपल्या लांबीची बोट पाच-सहा नॉटने जाते तेव्हा मला शंभर-दीडशे वॅटच मिळतात आणि त्यासाठी वेगही थोडा गमवावा लागतो. मरिनातला एक किलोवॅटचा चार्जर रिकामी बॅटरी एका रात्रीत भरतो. तुमच्याकडे तो मार्ग आहे.

चेसापीकचा प्रवासी (अ‍ॅनापोलिस, मेरिलँड)

वरील हिशेब मला पटतात, परंतु वेगळ्या पाण्यात त्याच हिशेबातून वेगळे उत्तर निघते हे वाचकांच्या लक्षात यावे म्हणून लिहितो. चेसापीक खाडीत जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस वारा पडलेला असतो आणि आमच्या सुट्टीतल्या फेऱ्या एका दिवसात पंचवीस-तीस मैलांच्या असतात. वाटेत मुक्काम नांगरावर होतो, तेथे वीज नसते आणि २०० वॅटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हातही दिवसाला एक किलोवॅट-तासाच्या आतबाहेरच देते. मी विचारपूर्वक अ‍ॅटॉमिक फोर ठेवले. त्याला उष्णता-विनिमयक बसवून ब्लॉकमध्ये गोडे पाणी फिरवले, ठिणगीसाठीच्या जुन्या प्लॅटिनम पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या आणि बिल्जमध्ये वाफेचा इशारा देणारे यंत्र लावले. सहा हंगाम ते उत्तम चालले आहे. ही इंजिने चाळीस हजारांच्या आसपास बनली आणि त्यांचे सुटे भाग आजही मिळतात.

पश्चिमवारा यांच्या इंजिनाचा ब्लॉक आतून गंजला असेल तर मात्र हा उपाय उशिराचा ठरेल, हे मी मान्य करतो. एकच आग्रह आहे की निर्णयापूर्वी इंजिन प्रत्यक्षात किती वेळ चालते हे मोजावे. आठवणीवर भरवसा ठेवू नये, कारण आपल्याला शिडाचे तास आठवतात आणि इंजिनाचे तास आपण विसरतो.

मागच्या फळीवर आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर टांगलेले इंजिन, लावण्याचा स्वस्त मार्गही आहे, आणि अनेक कॅटालिना २७ कारखान्यातून तशाच निघाल्या. पण तुमच्या खाडीतल्या आखूड, उभ्या लाटांत बोटीचे मागचे टोक उचलले की त्याचा पंखा पाण्याबाहेर येतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी जोर मिळत नाही. त्यामुळे त्या पाण्यात मी तो सुचवणार नाही.

रत्नागिरीचा इंजिनवाला

मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून बावीस वर्षे काम केले असून सध्या घरी आहे. लहान शिडाच्या बोटींचा माझा अनुभव थोडा आहे, परंतु शाफ्ट, बेअरिंग आणि विजेची जोडणी यांचे नियम बोटीच्या आकाराने बदलत नाहीत. वरच्या चर्चेत बॅटरीविषयी पुष्कळ आणि यंत्राविषयी कमी आले आहे, म्हणून तेवढेच लिहितो.

पंखा बोटीला ढकलतो म्हणजे तो शाफ्टला ढकलतो, आणि ती ढकल शेवटी बोटीच्या सांगाड्यावर कुठेतरी उतरावी लागते. आजवर ती तुमच्या इंजिनाच्या रिव्हर्स गिअरमधले बेअरिंग घेत होते. ओहोटीची ओढ यांच्या आकड्यांवरून पाच नॉटला ही ढकल अंदाजे पन्नास किलो भरेल, आणि पूर्ण जोरावर त्याहून बरीच जास्त. साध्या मोटरचे बेअरिंग या दिशेच्या भारासाठी बनवलेले नसते. बोटींसाठी तयार मिळणाऱ्या संचांत ही ढकल पेलणारे थ्रस्ट बेअरिंग असते. सुटी मोटर आणि पट्टा घेऊन स्वतः जुळवणी करणार असाल तर ते वेगळे बसवणे अनिवार्य आहे. ते विसरले तर पहिल्या काही फेऱ्या निर्विघ्न जातात आणि मग मोटरमधून घरघर येऊ लागते.

अ‍ॅटॉमिक फोरचा पंखा डावीकडे फिरणारा असतो. विजेच्या मोटरची दिशा तिला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये उलटी करता येते, त्यामुळे तेवढ्यासाठी पंखा बदलण्याचे कारण नाही. परंतु तो वेगाने फिरणाऱ्या इंजिनासाठी निवडलेला लहान पंखा आहे. विजेची मोटर कमी फेऱ्यांवरही पूर्ण पीळ (टॉर्क) देते, म्हणून पट्ट्याने फेऱ्या उतरवून, बोटीखाली जागा असेल तेवढा मोठा आणि जास्त पिचचा, म्हणजे पाती जास्त तिरकी असलेला, पंखा हळू फिरवणे फायद्याचे असते. आधी जुन्या पंख्यावर नोंदी घ्याव्यात आणि मग नव्या पंख्याचा खर्च करावा.

शाफ्टची सरळ रेषा बोट जमिनीवर असताना तपासून समाधान मानू नये. पाण्यात उतरल्यावर बोटीचा आकार किंचित बदलतो, डोलकाठीच्या तारा ताणल्यावर पुन्हा बदलतो. बोट दोन दिवस पाण्यात राहू द्यावी, तारा नेहमीसारख्या ताणाव्यात आणि मग मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहावे. शंभर मिलिमीटर व्यासाला एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असू नये. इंजिनाच्या धडधडीत ही चूक झाकली जात असे. मोटरच्या शांततेत ती ऐकू येते.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते आणि साधा फ्यूज वितळूनही आतल्या ठिणगीतून प्रवाह चालूच राहू शकतो. म्हणून प्रत्येक संचाला, त्याच्या टर्मिनलच्या शक्य तितक्या जवळ, क्लास टी प्रकारचा फ्यूज असावा. दुसरे म्हणजे, कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना मुख्य स्विच एकदम लावला तर मोठी ठिणगी पडते, म्हणून आधी रोधातून ते हळूहळू भरावे लागतात. आणि याच कारणाने माझी कळकळीची सूचना आहे की पेट्रोलची टाकी, नळ्या आणि बिल्जमधला तेलकट गाळ बोटीबाहेर गेल्याशिवाय, आणि तळ धुऊन एक-दोन दिवस वारा लागल्याशिवाय, विजेच्या कामाला हात लावू नये. काम सुरू असतानाच्या काळात पेट्रोलही आहे आणि ठिणगीही आहे अशी स्थिती येते, आणि तीच सर्वांत धोक्याची असते.

पश्चिमवारा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. उत्तर देण्यास पाच आठवडे लागले, कारण चेसापीकचा प्रवासी यांचा आग्रह मला योग्य वाटला आणि मी मोजमाप करत होतो. या काळात सात फेऱ्या झाल्या. दर वेळी इंजिन सुरू आणि बंद केल्याची वेळ मी वहीत लिहिली. पाच फेऱ्यांत इंजिन अर्ध्या तासाहून कमी चालले: मरिनातून बाहेर पडताना, परत येताना आणि आयाला कोव्हमध्ये बोट बांधताना. एका फेरीत ते सव्वा तास चालले. सातव्या फेरीत संध्याकाळी वारा पूर्णपणे पडला आणि एंजल बेटालगतच्या रॅकून सामुद्रधुनीतून ओहोटीविरुद्ध यावे लागले. त्या दिवशी दोन तास चाळीस मिनिटे लागली. त्या फेरीचा हिशेब मी ओहोटीची ओढ यांच्या आकड्यांनी केला तेव्हा सुमारे साडेपाच किलोवॅट-तास निघाले. म्हणजे दहाच्या बॅटरीत तो दिवसही बसतो, पण पाचच्या बॅटरीत, जी मी स्वस्त म्हणून घेणार होतो, तो बसला नसता.

त्यामुळे सलग पाच किलोवॅटची, थ्रस्ट बेअरिंगसह येणारी मोटर आणि दहा किलोवॅट-तासांची बॅटरी असे ठरवले आहे. गोल्डन गेटबाहेर फक्त वेळापत्रक पाहून जायचे, हे घरातही सांगितले आहे. विमा कंपनीला आधीच पत्र लिहिले. बोटीच्या तपासनीसाकडून काम अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकांनुसार झाल्याचा दाखला आणावा, असे त्यांनी कळवले आहे. इंजिन १५० किलोच्या आसपास आहे आणि मोटर चाळीस किलोसुद्धा नाही. दोन्ही संच मिळून शंभर किलो होतील. ते इंजिनाच्याच जागी ठेवावेत की बोटीच्या मध्यभागी बाकाखाली, एवढे अजून ठरत नाही.

ओहोटीची ओढ

मध्यभागी, शक्य तितके खाली, पण बिल्जच्या पाण्याच्या वर ठेवावेत. इंजिनाच्या जागी ठेवल्यास केबल आखूड होते हे खरे, पण शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या स्टफिंग बॉक्समधून टपकणारे खारे पाणी तिथेच उडते. मी पहिल्या वर्षी ती चूक केली आणि एका टर्मिनलवर हिरवा गंज चढलेला वेळेवर दिसला म्हणून निभावले. केबल लांबली तर ती जाड घ्यावी. मी ५० चौरस मिलिमीटरची वापरली आहे आणि पूर्ण जोरावरही ती हाताला कोमटच लागते.

मानकांत ई-३० हे विजेवरच्या बोटींसाठी आणि २०२२ साली आलेले ई-१३ हे लिथियम बॅटरीसाठी आहे. ई-१३ मधली एक अपेक्षा मला फार महत्त्वाची वाटते: बॅटरीची संरक्षक यंत्रणा वीज तोडण्यापूर्वी चालकाला इशारा मिळाला पाहिजे. धक्क्याला लागताना मागे जाण्यासाठी पूर्ण जोर दिला आणि त्याच क्षणी बॅटरीने स्वतःला बंद केले, तर हातात काहीच उरत नाही. संच विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला हा इशारा कसा मिळतो ते विचारावे आणि तो सुकाणूपाशी ऐकू येईल अशा ठिकाणी लावावा. तसेच पूर्वी इंजिनाच्या अल्टरनेटरवर चालणारे दिवे आणि रेडिओ यांची १२ व्होल्टची बॅटरी वेगळीच ठेवावी आणि कन्व्हर्टरने ती ४८ व्होल्टवरून भरावी, म्हणजे मुख्य बॅटरी बंद पडली तरी रेडिओ चालू राहील.

रत्नागिरीचा इंजिनवाला

इंजिन निघाल्यावर थंड पाण्याची आत येणारी आणि एक्झॉस्टची बाहेर जाणारी अशी दोन भोके निरुपयोगी होतात. त्यांत नुसती बुचे मारून ठेवू नयेत. बोट जमिनीवर असतानाच ती आतून-बाहेरून उतार देऊन फायबरग्लासने कायमची भरून घ्यावीत. जुने कपलिंग शाफ्टवर गंजून बसलेले असेल, तर हातोड्याने ठोकू नये, त्याने शाफ्ट वाकतो. ते कापून काढावे आणि नवे घ्यावे.

पश्चिमवारा

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बोट जमिनीवर घेण्याची तारीख मिळाली आहे. टाकी आणि नळ्या आधी निघतील, बिल्ज धुऊन दोन दिवस उघडे ठेवीन आणि त्यानंतरच मोटरचे खोके उघडीन. कपलिंग कापायचेच ठरवले आहे. पाण्यात उतरल्यावर जुन्याच पंख्यावर तीन, चार आणि पाच नॉटच्या नोंदी घेऊन येथे लिहीन.